डोंगराकडची फेरी

चोपड्याला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं जनावरांच्या औषधांचं दुकान आहे. कॅल्शियमच्या बाटल्या, जंताचं औषध, पोटफुगीवर पाजायचं तेल, मिठाच्या विटा. वीस वर्षांत या काउंटरवर शेकडो गिऱ्हाइकं आली आणि गेली. पण सकाळी मी शटर वर करायला येण्याआधी पायरीवर येऊन बसलेला माणूस एकच असायचा. लोटनभाऊ.

लोटन झुलाल पाटील. उंच, काटकुळा, डोक्याला पांढरा रुमाल, पायात टायरच्या चपला. त्याच्या मोटारसायकलच्या मागच्या सीटवर गोणपाटात गुंडाळलेलं एक कंटेनर सुतळीने आवळून बांधलेलं असे. झाकण उघडलं की आतून पांढरी वाफ यायची. त्या थंड नायट्रोजनमध्ये चांगल्या जातीच्या वळूंच्या वीर्याच्या कांड्या ठेवलेल्या असत. कुणाची गाय माजावर आली की लोटनभाऊला फोन जाई आणि तो जाऊन कांडी भरून येई. त्याशिवाय जखमा धुणं, व्यायल्यावर जार अडकली तर काढणं, दगडी झालेल्या कासेवर औषध सोडणं, अडलेली गाय सोडवणं, हे सगळं तोच करायचा. धुळ्याला दोन वर्षांचा कोर्स केला होता, सरकारी नोकरी लागली नाही, म्हणून स्वतःच सुरू केलं. लोक त्याला डॉक्टर म्हणत. त्याला ते आवडत नसे.

"मी डॉक्टर नही, भाऊ," तो म्हणायचा. "डॉक्टर तालुकाले बसस. मी फिरस."

खरंच फिरायचा. खाली चोपड्याच्या आसपासची दहाएक गावं आणि वर सातपुड्याच्या पायथ्याचे बारा-तेरा पाडे. खालच्या गावांत त्याच्यासारखे आणखी दोघे होते. पाड्यांवर कुणी जात नव्हतं. रस्ता अर्धा डांबरी, अर्धा मुरमाचा, मध्ये तीन नाले. जायला तास-सव्वा तास लागे. लोटनभाऊ मात्र जायचा, आणि नुसता बोलावल्यावर नाही, सुरुवातीला तर न बोलावताही जायचा.

आमळापाडा त्याने असाच धरला. तीस-पस्तीस पावरा कुटुंबांची वस्ती. पावसावरची ज्वारी, तूर, उन्हाळ्यात मोहाची फुलं आणि डिंक, आणि उरलेले महिने मजुरी. घरोघरी गावठी गाई होत्या, पण दूध वासराला पुरेल एवढंच. लोटनभाऊने तिथे जाऊन बैठका घेतल्या. लोकांना वाटलं, हा काहीतरी विकायला आलाय. पहिली दोन वर्षं कुणी दाद दिली नाही. मग जामसिंगची बायको रेशमा पुढे आली. म्हणाली, "मनी गाय माजवर शे. भरी द्या. काय व्हई ते व्हई."

त्या कांडीची जी कालवड झाली ती तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. रेशमाबाईने तिचं नाव ठेवलं डॉक्टरीण. डॉक्टरच्या कांडीची म्हणून डॉक्टरीण. ते पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी लोटनभाऊ माझ्या दुकानात येऊन हसून हसून खोकायला लागला होता.

डॉक्टरीण पहिल्या वेताला दिवसाला नऊ लिटर देऊ लागली तेव्हा अख्खा पाडा बघायला आला. त्यानंतर लोटनभाऊला बैठका घ्याव्या लागल्या नाहीत. पाच वर्षांत आमळापाड्यात साठाच्या वर संकरित गाई झाल्या. एका खाजगी डेअरीने वर पिकअप पाठवायला सुरुवात केली. मोतीलाल नावाचा आमच्या ओळखीचा ड्रायव्हर रोज सकाळी रिकामे कॅन घेऊन वर जायचा आणि भरलेले कॅन घेऊन दहाच्या आत खाली यायचा. मजुरीला गुजरातेत जाणारी माणसं घरी थांबायला लागली. रेशमाच्या घरावर पत्रे आले. तिची मुलगी आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकली. मी एकदा लोटनभाऊबरोबर वर गेलो होतो, तेव्हा प्रत्येक दाराशी त्याला चहासाठी ओढत होते. सातव्या चहाला त्याने हात जोडले.

मला वाटतं, त्याच्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला काळ होता. घरी हेमलतावहिनी, मुलगी लग्न होऊन शिरपूरला, शेतीचा पट्टा बटाईने दिलेला. फार मिळत नव्हतं. पण फोन वाजला की उठायचं आणि निघायचं, यात त्याला जो आनंद होता तो मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही.

मग पेट्रोल चढायला लागलं.

पहिल्यांदा शंभर झालं तेव्हा पंपावर लोक थट्टा करत होते, कुणी मोबाईलवर फोटो काढत होतं. लोटनभाऊही हसला होता. तो म्हणाला, "चला, शंभरी भरनी." पण नंतर ते एकशे दहा झालं, एकशे सोळा झालं, आणि बावीस सालच्या एप्रिलात एकशे वीसवर गेलं, तोवर कुणी हसत नव्हतं. डिझेलनेही शंभरी ओलांडली होती.

आमच्याकडे या गोष्टी एकदम कोसळत नाहीत, एकेक खिळा निघत जातो. सगळ्यात आधी ढेप महागली. सरकीची ढेप आणणाऱ्या ट्रकचं भाडं वाढलं, पोत्यामागे भाव वाढला, आणि पाड्यावर पोहोचेपर्यंत तो आणखी वाढला. दुधाचा भाव मात्र डेअरीने तोच ठेवला. मग मोतीलालची गाडी. डेअरी त्याला किलोमीटरमागे ठरलेलं भाडं द्यायची, ते वाढवायला तयार नव्हती. मोतीलालने दोन महिने ओढलं. मग तो दिवसाआड जायला लागला.

दिवसाआड म्हणजे एक दिवसाचं दूध घरात. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात पाड्यावर दूध ठेवायचं कशात? बायकांनी ओल्या फडक्यांत कॅन गुंडाळले, नाल्यातल्या डबक्यात उभे करून पाहिले. अर्ध्याहून जास्त फाटायचं. फाटलेलं दूध डेअरी परत पाठवायची, आणि ते परत आणायला मोतीलालच हवा. शेवटी डेअरीने कळवलं की रोज पाचशे लिटर जमत असेल तरच वरची गाडी परवडते. आमळापाडा आणि शेजारचे दोन पाडे मिळून जेमतेम तीनशे लिटर निघायचं.

लोटनभाऊ मोतीलालला भेटायला गेला. मी सोबत होतो. मोतीलाल गाडीखाली आडवा पडून काहीतरी आवळत होता. तो तसाच पडून बोलला.

"मी काय करू, लोटनभाऊ? गाडी पाणीवर थोडी चालस?"

"आठ दिन तरी जाय. लोके गाया इकी टाकतीन."

"मी जास. तू डिझेल भर."

मोतीलाल बाहेर आला, हात पुसले आणि खाली बघत म्हणाला, "मालेबी वाईट वाटस, भाऊ. पाच वरीस झाले त्या रस्तावर."

एप्रिल उजाडण्याआधी गाडी बंद झाली आणि लोकांनी गाई विकायला काढल्या. बाजारात एकाच आठवड्यात पाड्यावरच्या अकरा गाई आल्या. घेणाऱ्यांना कारण माहीत होतं, म्हणून भाव पाडून मागत होते. त्या गाईंमधली एकूणएक गाय लोटनभाऊच्या हाताखालची. तो बाजारात गेला नाही. माझ्या दुकानात बसून राहिला.

गाई कमी झाल्या तसे वरचे फोनही कमी झाले. पूर्वी तो वर जायचा तेव्हा एका फेरीत चार-पाच कामं व्हायची. आता एका गाईसाठी पन्नास किलोमीटर. कांडी भरायचे दीडशे रुपये घ्यायचा, त्यातले सव्वाशे टाकीत. मी त्याला म्हटलं, पेट्रोलचे वेगळे माग. त्याने दोन-चार ठिकाणी मागितले. लोकांनी दिले, पण पुढच्या वेळी फोन केला नाही. गावातल्या मोकाट वळूवर भागवलं.

तेव्हा मी त्याला सल्ला दिला. कुणी म्हणेल, त्यात काय मोठंसं. साधा व्यवहाराचा सल्ला होता, कुठल्याही दुकानदाराने दिला असता तसा.

मी म्हणालो, "भाऊ, रोज वर जाऊ नको. आठवड्यातले दोन वार ठरव. मंगळवार आणि शुक्रवार. कुणाचा फोन आला तर त्या दिवशी येतो म्हण. मधल्या दिवशी तेव्हाच निघ, जेव्हा वरून निदान दोन फोन येतील."

"माज काय वार देखीसन येस का, भूपेंद्र?" त्याने विचारलं. गाईचा माज एक दिवस टिकतो, कधी त्याहून कमी. तो चुकला की एकवीस दिवस थांबावं लागतं. मलाही ते माहीत होतं.

"मग घरी बस," मी म्हणालो. "वर जाऊन घर विकशील?"

त्याने वार ठरवले.

तीन आठवडे ते चाललं. त्याच्या खिशात दोन पैसे राहायला लागले. हेमलतावहिनी एकदा दुकानात येऊन मला म्हणाल्या, बरं केलंत भावजी, तुम्ही सांगितलं म्हणून ऐकलं त्यांनी. मला बरं वाटलं होतं.

तो बुधवार होता. एप्रिलचा शेवट, सकाळी साडेनऊ, ऊन आत्ताच डोळ्यांत घुसत होतं. लोटनभाऊ आदल्या दिवशी वर जाऊन आला होता. दुकानाच्या बाकावर बसून तो चहा पीत होता आणि त्याचा फोन वाजला. रेशमाबाई होती. पाड्यावर रेंज नसायची. फोन करायचा तर टेकडीवर शाळेच्या मागे चढून जावं लागे. ती धापा टाकत बोलत होती, आवाज मलासुद्धा ऐकू येत होता.

"डॉक्टर, गाय अडी ऱ्हायनी. पह्यटपासून कळा दी ऱ्हायनी."

"कोनती?"

"डॉक्टरीण."

रेशमाबाईने डॉक्टरीण विकली नव्हती. गाडी दिवसाआड व्हायला लागल्यापासून ती रोज सकाळी डोक्यावर दूध घेऊन दोन कोस चालत आश्रमशाळेत पोचवायची. तिथल्या स्वयंपाकघरात आठ लिटर घेत. गाय आटल्यावर ते बंद झालं होतं, आणि वेत कधी होतंय याची ती वाट बघत होती. लोटनभाऊनेच भरलेली कांडी होती ती.

"पाणी फुटनं का?"

"फुटनं. तास व्हयना."

"पाय कितला दिखतस?"

"एक."

"दुसरा?"

"दुसरा नही. एकच शे."

लोटनभाऊने चहाचा कप खाली ठेवला. मी त्याच्याकडे बघत होतो. तो बाहेर उभ्या गाडीकडे बघत होता. मग त्याने विचारलं, पाड्यावर आणखी कुणाचं काही काम आहे का. रेशमाबाई म्हणाली, माहीत नाही. शेजारच्या पाड्यावर ईश्वरच्या बैलाच्या खांद्याला जखम झाली आहे, तो आज फोन करणार होता.

"बरं," लोटनभाऊ म्हणाला. "घाई करू नका. कोनी ओढालेबी जाऊ नका. गायले सावलीमा ठेवा, पाणी पाजा. मी दुपारले येस."

"दुपारले?"

"येस मी. ईश्वरना फोन उना म्हनजे निंघस."

फोन बंद झाला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काउंटरवर बाटल्या मांडत होतो. "थांबेल ना दुपारपर्यंत?" असं त्याने मला विचारलं नाही. पण मला वाटलं की तो विचारतो आहे. आणि मी म्हणालो, "चौथ्या-पाचव्या वेताची गाय. घेते वेळ."

तो मान हलवून पुन्हा बाकावर बसला. थोड्या वेळाने घरी जेवायला गेला.

ईश्वरचा फोन आला तो दीड वाजता. लोटनभाऊ तेव्हाच निघाला. मधल्या वेळात रेशमाबाईने दोनदा फोन केला होता. एकदा त्याने उचलला आणि निघतोच आहे म्हणून सांगितलं. दुसऱ्यांदा तो अंगणात हात धूत होता, फोन आत होता. त्यानंतर ती टेकडीवर गेली नाही. गाईजवळ माणूस लागत होतं.

पुढचं मला त्याने स्वतः सांगितलं, आणि थोडं जामसिंगने.

तो पोचला तेव्हा पावणेतीन वाजले होते. गाय गोठ्यातून बाहेर, मोहाच्या झाडाखाली आडवी होती. कुणी ओढू नका म्हणून त्याने सांगितलं होतं, पण बारा वाजता गाय ओरडायची बंद झाली आणि जामसिंगला राहवलं नाही. त्याने आणि शेजारच्या तिघांनी वासराच्या त्या एका पायाला दोर बांधून ओढलं. वासरू आलं नाही. आत काहीतरी फाटलं. रक्त येत होतं.

लोटनभाऊने शर्ट काढला, हात साबणाने धुतला आणि खांद्यापर्यंत आत घातला. वासराचा दुसरा पाय गुडघ्यात दुमडलेला होता आणि मान मागे वळून पोटाशी गेलेली. वासरू मेलेलं होतं. त्याने मातीत कुशीवर पडून दीड तास खटपट केली. आधी पाय सरळ केला, मग मान. हात आत आवळला जाऊन बधिर व्हायचा, की बाहेर काढून चोळायचा आणि पुन्हा घालायचा. जामसिंग बाजूला उकिडवा बसून गाईच्या तोंडावर पाणी मारत होता. साडेचारला वासरू बाहेर आलं. कालवड होती, कपाळावर पांढरा ठिपका.

त्याने गाईला कॅल्शियमची बाटली लावली. मोहाच्या खालच्या फांदीला बाटली टांगली, मानेत सुई घातली. मग सलाईन. गाडीच्या पेटीत होतं ते सगळं तिच्या अंगात घातलं. पाचच्या सुमारास गाईने एकदा मान उचलली. रेशमाबाई पुढे सरकली. गाईने मान खाली टाकली आणि थोड्या वेळाने तिचे श्वास थांबले. दिवस अजून डोंगरावर होता.

पाडा सगळा जमला होता. कुणी मोठ्याने रडलं नाही. जामसिंग उठून कुदळ आणायला गेला. लोटनभाऊ तसाच उघड्या अंगाने बसून होता, हातावर रक्त वाळलेलं. रेशमाबाईने हंड्याने त्याच्या हातावर पाणी ओतलं. तो म्हणाला, "बाई, माले माफ कर."

तिला कुणीतरी खालून सांगितलं होतं, की डॉक्टर आता दोन फोन आल्याशिवाय वर येत नाही. बहुतेक सगळ्या पाड्याला ते माहीत होतं. ती हंडा खाली ठेवून म्हणाली, "पेट्रोलना पैसा माले मांगी लेता, भाऊ. मी कोठूनबी दिधा व्हता."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, असं तो मला सांगायचा. राग असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर तो ईश्वरकडे गेला, बैलाची जखम धुतली, मलम भरलं आणि खाली आला. ईश्वरने दिलेले पैसे त्याने घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून लोटनभाऊने वार मोडले. फोन आला की तो निघायला लागला, पुन्हा पूर्वीसारखा. एका शेळीच्या पायासाठी वर जायचा, पैसे घ्यायचे विसरायचा. कधी कधी फोन न येताच जायचा, नाल्यापाशी गाडी लावून बसायचा आणि परत यायचा. हे त्याने सांगितलं नव्हतं, लाकडं आणणाऱ्या एकाने सांगितलं. पंधरा दिवसांत हेमलतावहिनी पुन्हा माझ्या दुकानात आल्या. त्या वेळी त्यांनी मला भावजी म्हटलं नाही. काउंटरवर हात टेकून म्हणाल्या, "तुमी त्यास्ले समजाडा. घरमा किराणा नही नी हाऊ मानूस डोंगरमा पेट्रोल बाळी ऱ्हायना. असं कितला दिन चाली?"

मी समजावलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

थांबवलं त्याला दुसऱ्याच गोष्टीने. जळगावहून नायट्रोजन भरून देणारी गाडी दर महिन्याला यायची. तिचंही भाडं परवडेना, म्हणून तिने दोन तालुक्यांच्या फेऱ्या एकत्र केल्या, आमच्यासारख्याच हिशेबाने. मे महिन्यात ती बारा दिवस उशिरा आली. उन्हाळ्यात नायट्रोजन लवकर उडतो. लोटनभाऊने रोज कंटेनरमध्ये लाकडी पट्टी घालून पाहिली, रोज ओल कमी होत गेली, आणि एका सकाळी झाकण उघडल्यावर वाफ आली नाही. पट्टी कोरडी. आतल्या ऐंशी-नव्वद कांड्या मेल्या. नवा माल घ्यायचा तर आगाऊ पैसे भरायला हवे होते, आणि घेऊन तरी वर भरायला गाई किती राहिल्या होत्या? आमळापाड्यात तेव्हा मोजून सात.

त्या महिन्याच्या शेवटी पेट्रोल नऊ-साडेनऊ रुपयांनी उतरलं. पेपरात मोठ्या अक्षरात आलं. मी तो पेपर घेऊन उगाच लोटनभाऊच्या घरी गेलो. त्याने वाचला, घडी घातली आणि परत दिला. मोतीलालने तोवर पिकअप विकून टाकली होती. डेअरीने वरचा रस्ता कागदावरून काढला होता. बाजारात गेलेल्या गाई कुठल्या कुठे गेल्या होत्या. पेट्रोल आणखी वीस रुपयांनी उतरलं असतं तरी त्यातलं काही परत येणार नव्हतं.

पावसाळ्यानंतर रेशमा आणि जामसिंग रावेरकडे गेले, केळी भरायला. केळीच्या फण्या धुऊन खोक्यांत भरायचं काम बायका करतात, पुरुष ट्रकवर चढवतात. पाड्यावरची आणखी वीस-बावीस माणसं त्यांच्याबरोबर गेली. मुलीला त्यांनी अकरावीला घातलं नाही, तीही खोकी भरते. घराला कुलूप आहे. मी हे ऐकून आहे, पाहिलेलं नाही. वर जायचं मला कारण उरलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी टाळतो.

लोटनभाऊ धुळ्याला पशुखाद्याच्या एका गोदामात लागला. पोती उतरवून घ्यायची, चढवताना मोजायची. आठवडाभर तिथेच एका खोलीत राहायचं, शनिवारी एसटीने घरी. मोटारसायकल अंगणात उभी आहे, टायर बसलेत.

गेल्या हिवाळ्यात मी माल बघायला धुळ्याला गेलो तेव्हा त्या गोदामावर गेलो. तो पोत्यांच्या थप्पीला टेकून उभा होता, अंगावर भुशाची धूळ. मला पाहून हसला. आम्ही समोरच्या टपरीवर बसलो. त्याने दुकानाचं विचारलं. मी सांगितलं की औषधं निम्म्याने कमी केलीत, आता खतं आणि फवारणीचे पंप ठेवतो. मग त्याने विचारलं, "रेशमाबाई भेटनी का कव्हय?"

"नाही. रावेरला आहे म्हणतात."

"केळीमा?"

"हो."

तो चहा ढवळत राहिला. साखर केव्हाच विरघळली होती.

"भूपेंद्र, तुले एक सांगू का? एकच पाय दिखस म्हनजे काय, हाई माले तव्हयच समजनं व्हतं. फोनवरच. दुसरा पाय आत मुडपेल शे, नी बहुतेक मानबी. तासभरमा पोचनू असतू ते दोन्ही जीव वाचता." त्याने चमचा बाजूला ठेवला. "मी गाडीकडे देखं नी मना मनमा पहिले टाकी उनी. गाय नंतर उनी."

मला काहीतरी म्हणायचं होतं. मी वीस वर्षं त्या काउंटरमागे बसून शेतकऱ्यांचं बोलणं ऐकत आलो आहे. एक पाय दिसणं म्हणजे काय ते मलाही कळत होतं. बाटल्या मांडत असताना मी ऐकलं होतं आणि तरीही म्हणालो होतो, घेते वेळ. ते त्याला सांगावं असं मनात आलं. सांगून त्याचं ओझं हलकं झालं असतं की नाही, कोण जाणे. मी सांगितलं नाही.

गोदामाच्या दारात ट्रक येऊन लागला होता. कुणीतरी त्याला आतून हाक मारली. त्याने चहा अर्धाच ठेवला, रुमाल झटकून डोक्याला बांधला आणि रस्ता ओलांडून गेला. मी टपरीवर थोडा वेळ बसलो. ट्रकचा फाळका खाली पडल्याचा आवाज आला, मग त्याचा आवाज, पोती मोजणारा. एक, दोन, तीन. मी चहाचे पैसे दिले आणि स्टँडकडे चालू लागलो.